आप्पा, तो हॉर्न माझा होता

आप्पा, काल तुमचं तेरावं झालं. मांडवात लोक तुमच्याबद्दल चांगलं बोलत होते आणि मी खाली मान घालून बसले होते. एकानं मला विचारलंही, "विद्याताई, तुमी दोन शब्द बोला की, तुमच्यावर लय जीव हुता त्यांचा." मी नको म्हणाले. लोकांना वाटलं मला भरून आलंय. भरून आलंच होतं, पण न बोलण्याचं कारण ते नव्हतं. जे बोलायचं होतं ते आधी दुसऱ्या एका माणसाला सांगायचं राहिलं होतं. आणि त्याच्याही आधी तुम्हाला.

म्हणून आज लिहायला बसलेय. कुपवाडातल्या आमच्या शेडमध्ये आज सुट्टी आहे. फायबरच्या रेझिनचा वास तेवढा आहे, मशिनं सगळी गप्प आहेत.

तुम्हाला आपली पहिली भेट आठवत असेलच. तुम्ही ती कुणालाही सांगायचा नाहीत, मीच सांगत फिरायची. बाबांच्या मागं कारखाना माझ्याकडं आला तेव्हा आम्ही फायबरच्या टाक्या आणि संडासाचे दरवाजे बनवत होतो. मोठ्या पुरानंतर गावोगावचे लोक बोटी मागायला लागले, म्हणून मी बोटीचा साचा केला. बोट केली खरी, पण ती पाण्यात सोडून बघायची कुठं? तुमच्या गावच्या घाटाशेजारी पुरानंतर काँक्रीटचा नवा उतार केला होता. गाडीला जोडलेला ट्रेलर उलटा पाण्यापर्यंत न्यायचा आणि बोट अलगद सोडायची, अशी सोय. रविवारी सकाळी तिथं सगळे असायचे. मासेमारीवाले भोई, शर्यतीच्या होड्या वल्हवणारी मंडळी, पलीकडच्या काठावरच्या मळीतली वैरण आणायला निघालेले शेतकरी, आणि सांगलीहून हवा खायला आलेले बोटवाले.

मी पिकअप घेऊन आले. ट्रेलर उलटा घ्यायचा म्हणजे काय प्रकार असतो ते मला तोवर ठाऊक नव्हतं. स्टिअरिंग डावीकडं वळवावं तर मागचा ट्रेलर उजवीकडं पळतो. पहिल्या खेपेला तो कठड्याला घासला, दुसऱ्या खेपेला आडवा झाला. मग हॉर्न सुरू झाले. दहा माणसं दहा बाजूंनी सांगायला लागली, "कट मारा, कट मारा", "आता सरळ", "आवं उलटं, उलटं". एक जण तर हसत हसत आला आणि त्यानं माझ्या बाजूचं दार उघडलं. "उतरा ताई, दोन मिनिटांत लावून देतो."

तेव्हा तुम्ही पुढं आलात. पांढरा पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, डोक्यावर ती जुनी फौजी टोपी. तुम्ही त्याला शांतपणे विचारलंत, "त्यांनी बोलावलं का तुला?"

"न्हाई, पण आप्पा..."

"मग दार लाव."

त्यानं दार लावलं. तुम्ही मला काहीच शिकवलं नाहीत. खिडकीशी येऊन एवढंच म्हणालात, "ताई, मी आरशात दिसंन असा हुबा ऱ्हातो. दिसेनासा झालो की थांबायचं. बाकी तुमचं तुमी बघा." आणि जाऊन पाण्याच्या कडेला उभे राहिलात. हात वर करून खुणासुद्धा केल्या नाहीत. मी घेतली, पुढं नेली, पुन्हा घेतली. सातव्या खेपेला ट्रेलरची चाकं सरळ पाण्यात गेली. तोवर माझ्यामागं तुमची स्वतःची, वैरण आणायची लोखंडी बोट तासभर थांबली होती, हे मला नंतर कळलं. मी आभार मानायला आले तर तुम्ही जरा चमकूनच बघितलंत. "आभार कशापायी? तुमचा नंबर हुता."

मी घरी जाताना गाडीत रडले. फार वर्षांनी कुणीतरी माझ्या हातातलं काम काढून न घेता मला मदत केली होती.

पुढं दर रविवारी यायला लागले. तुम्ही लष्करात नद्यांवर पूल टाकणाऱ्या तुकडीत होतात, हे मला शंकर भोयानं सांगितलं. तुम्हाला विचारलं तर म्हणालात, "व्हय, बोटी पाण्यात ढकलल्या पंचवीस वर्सं. दुसरं काय येतंय आमास्नी." पण येत होतं. बोटीच्या तळाचं बूच लावलंय का, पट्टे सोडलेत का, इंजिन एकदा फिरवून बघितलंय का, हे सगळं वर पिंपळाखाली करायचं. उतारावर गाडी घातली की फक्त बोट सोडायची आणि जागा मोकळी करायची, हे तुम्ही कुणालाही भाषण न देता सगळ्या घाटाला लावलंत. तुम्ही नुसते तुमची बोट वर थांबवून तयार करत बसायचात. शंकर तसं करायला लागला. मग बाकीचे. महिन्याभरात वर पिंपळाखाली आपोआप रांग लागायला लागली. आणि जो नवा असेल, ज्याला उतारावर घाम फुटला असेल, त्याच्या मागं कुणी हॉर्न वाजवायचा नाही, हेही कुणी ठरवलं नव्हतं. तुम्ही तिथं उभे असायचात एवढंच.

मग पुन्हा पूर आला. या वेळी पाणी थेट सांगलीच्या बाजारपेठेत घुसलं. कापडदुकानांच्या रांगेतला तो उताराचा रस्ता जिथं पाण्यात बुडत होता, तोच आमचा धक्का झाला. मी कारखान्यातल्या तयार बोटी घेऊन पोचले तेव्हा तिथं अकरा गाड्या एकमेकींच्या अंगावर चढल्या होत्या. कोयनेच्या बाजूनं रात्रभर प्रवास करून आलेले बोटवाले होते, तालमीतली पोरं होती, आणि प्रत्येकाला पहिला जायचं होतं. एकाचं इंजिन सुरू होत नव्हतं, पण तो मधून हटायला तयार नव्हता. समोर इमारतींच्या गच्च्यांवरून माणसं ओरडत होती, आणि इकडं एकही बोट पाण्यात जात नव्हती.

तुम्ही ट्रॅक्टरला बोट जोडून आलात. ट्रॅक्टर मागंच लावलात आणि चालत पुढं आलात. गुडघाभर पाण्यात उभं राहून एकेकाला तुम्ही एकच प्रश्न विचारत होतात, "मशीन चालू करून बघितलं का?" जो म्हणेल बघितलं, त्याला पुढं. ज्याचं इंजिन अडलं होतं त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "लाजायचं न्हाई गड्या. बाजूला घे, तिथं नीट कर, चालू झालं की तुझाच नंबर." तो हटला. पाऊण तासात अकराच्या अकरा बोटी पाण्यात होत्या. तुमचा आवाज एकदाही वर गेला नाही. गेला असता तरी त्या गोंधळात ऐकू आला नसता. पण तुम्ही हळू बोलत होतात म्हणून लोकांना गप्प होऊन ऐकावं लागत होतं.

तीन दिवस मी तुमच्या शेजारी दोर धरून उभी होते. माझ्या हाताची साल गेली. तुम्ही तुमच्या खांद्यावरच्या पंचाची चिंधी फाडून बांधलीत आणि तेव्हा पहिल्यांदा मला 'ताई' ऐवजी 'पोरी' म्हणालात.

आणि तिसऱ्या दिवशी आपलं भांडण झालं. ते अजून मिटलेलं नाही, आप्पा. मी ते मिटवून टाकणार नाही, तुम्ही गेलात म्हणून तर मुळीच नाही.

दुपारी निरोप आला की एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ अडकलेत, त्यांचा डायलिसिसचा दिवस टळून गेलाय, त्यांना लगेच काढायला हवं. शंकर बोट घेऊन तयार होता. इतक्यात एक माणूस आला, कोरं करकरीत नारिंगी जॅकेट घातलेला, बरोबर फोन धरलेली सात-आठ माणसं. त्यांना पाण्याच्या बाटल्यांचे खोके आमच्याच बोटीत भरताना फोटो काढायचे होते. तो सरळ आमच्यामध्ये घुसला. मी ओरडले, "ओ, बाजूला व्हा, पेशंट आणायचाय!" त्यानं ऐकलं नाही. आणि तुम्ही? तुम्ही दोन पावलं मागं सरलात. "काढा म्हणावं फोटो," म्हणालात. "लवकर काढा."

त्यांनी काढले. मग बोट गेली. ते गृहस्थ वेळेत पोचले, वाचले. पण त्या संध्याकाळी मी तुमच्यावर किती बोलले!

"तुमच्या या सबुरीवर लोक चढून बसतात, आप्पा! तो पेशंट उशिरामुळं मेला असता तर?"

तुम्ही चहा फुंकत म्हणालात, "भांडनानं धा मिंटं खाल्ली असती. फोटूनं चार खाल्ली. मी घड्याळ बघत हुतो, पोरी."

"आज चार. उद्या तो जॅकेटवाला परत येईल. तेव्हा?"

"येऊ दे की. आला की त्येच्या हातात दोर देतो."

तो दुसऱ्या दिवशी आलाच नाही. त्यामुळं तुम्ही बरोबर होतात की मी, ते कळलंच नाही. त्यानंतर किती रविवार आपण पिंपळाखाली बसून तोच वाद घातला. मी म्हणायची, शांत राहणारा माणूस उर्मटाला मोकळं रान देतो. तुम्ही म्हणायचात, ज्याच्या हातात वेळ कमी हाय त्यानं भांडाय वेळ घालवू नये. मी चिडायची, तुम्ही हसायचात, आणि तेवढ्यात कुणीतरी उतारावर अडकायचं आणि तुम्ही उठून त्याच्या आरशात दिसेल असं उभं राहायला जायचात.

आता पुढचं लिहिते. 

माने सरांना मीच बोट विकली होती. भूगोलाचे निवृत्त शिक्षक, विश्रामबागेत राहणारे. आयुष्यभर फळ्यावर नद्या काढल्या, आता एका तरी नदीवर जाईन म्हणाले. कारखान्यात येऊन साच्यातून बोट निघताना बघत दिवसभर बसले होते. दोन वर्षांपूर्वीचा तो रविवार त्यांचा उतारावरचा चौथा की पाचवा होता. सरांना ट्रेलर जमत नव्हता. माझ्यासारखाच त्यांचाही आडवा व्हायचा. तुम्ही नेहमीप्रमाणं खाली उभे होतात, एक हात बोटीच्या कडेवर.

त्यांच्यामागं माझी गाडी होती. गाडीत कोयनेकडून आलेलं गिऱ्हाईक होतं, त्यांना बोट चालवून दाखवायची होती. त्यांनी दोनदा घड्याळ बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं तेव्हा मी हॉर्न दाबला, आणि हात काढला नाही. वर खिडकीतून डोकं काढून ओरडले, "सर, आज तरी होईल ना?"

सर दचकले. ब्रेकवरचा पाय सुटला. गाडी फार गेली नाही, हातभर गेली असेल. पण ट्रेलरचं चाक आणि कठडा यांच्यामध्ये तुमचा पाय होता.

तो आवाज मी विसरलेले नाही.

मग पळापळ. कुणीतरी ओरडलं, "मास्तरानं आप्पाला चिरडलं रं!" सर गाडीतून उतरून तिथंच खाली बसले, दोन्ही हात डोक्याला लावून. तुम्हाला मी माझ्याच गाडीतून मिरजेला नेलं. घोट्याचं हाड मोडलं होतं. वाटेत तुम्ही वेदनेनं घामाघूम झाला होतात, आणि तरी म्हणालात, "शेवाळ लय झालंय उतारावर. घासाय पायजे." दवाखान्यात, घरी, गावात, जो विचारील त्याला तुम्ही तेच सांगितलंत. शेवाळावरनं पाय घसरला.

पण लोकांनी चाक बघितलं होतं. घाटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच संध्याकाळी कुणीतरी लिहिलं, ज्यांना गाडी मागं घेता येत नाही त्यांनी उतारावर येऊ नये. खाली अंगठेच अंगठे. सरांनी ग्रुप सोडला. मी तो मजकूर वाचला, फोन हातात धरून बराच वेळ बसले, दोन ओळी लिहिल्या, खोडल्या, आणि फोन बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी लिहू म्हटलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता लिहिलं तर काल का नाही लिहिलं असं विचारतील. एकदा वेळ गेली की कसं होतं ते तुम्हाला काय सांगू.

दोन वर्षं गेली. तुम्ही काठी घेऊन यायला लागलात, उताराच्या माथ्यावरच्या दगडावर बसायला लागलात. खाली पाण्यापर्यंत जाणं संपलं. मी तुमच्यासाठी घरून धपाटी आणायची, तुमच्या औषधाच्या वेळा पाळायची, तुम्हाला डॉक्टरकडं न्यायची. आक्का, तुमच्या घरातल्या, मला म्हणायच्या, "पोटच्या लेकीनं केलं नसतं एवढं करतीस." मी ते ऐकून घ्यायची. त्यासारखी लाज दुसरी नाही.

तुम्ही मधूनच नदीकडं बघत म्हणायचात, "मास्तर येत न्हाईत हल्ली."

"हो, दिसत नाहीत."

"येतील," म्हणायचात, आणि विषय बदलायचात. सहा-सात वेळा तरी झालं असेल असं. प्रत्येक वेळी तुम्ही मला जागा करून देत होतात, आणि प्रत्येक वेळी मी तुमच्याकडं न बघता निघून गेले.

या महिन्यात तुम्हाला ताप आला, तो छातीत उतरला. अतिदक्षता विभागाबाहेर तुमच्या गावची माणसं बाकांवर बसली होती. एका वेळी एकालाच आत सोडत होते. त्या दिवशी मी सांगायचंच ठरवून आले होते. माझा नंबर आला तेव्हा शंकर मागं उभा होता, त्याला म्हटलं, तू जा आधी. मग तुमचे पुतणे आले, त्यांना जाऊ दिलं. मग तुमच्या तुकडीतले एक म्हातारे साताऱ्याहून एसटीनं आले होते, त्यांना म्हटलं, तुम्ही लांबून आलात, आधी तुम्ही. सगळे मला समजूतदार म्हणत होते. भेटीची वेळ संपली. नर्सनं दार लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

आप्पा, तिथं बाकावर मला पहिल्यांदा दिसलं की मागं सरणं दोन तऱ्हेचं असतं. तुम्ही दुसऱ्याला जागा द्यायला सरायचात. मी पळायला सरत होते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

काल मांडवातून उठले आणि तशीच विश्रामबागेत गेले. सरांच्या बाईंनी दार उघडलं. बंगल्याच्या बाजूला, पत्र्याखाली, ती बोट पालथी पडलेली दिसली. वर पाचोळा साचला होता. सर आत पेपर वाचत होते. मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं. हॉर्न मी वाजवला, ओरडले मी, तुम्ही दचकलात म्हणून गाडी गेली, आणि दोन वर्षं मी हे कुणालाही सांगितलं नाही.

सरांनी चष्मा काढला. तो पुसत राहिले. बाईच बोलल्या, "दोन वर्षं हे नदीच्या बाजूच्या रस्त्यानं जात नाहीत. भाजी आणायलासुद्धा लांबून फिरून जातात. तुम्हाला ठाऊक आहे का?"

"आता ठाऊक झालं," मी म्हणाले.

"आप्पा असताना सांगायचं होतंत," सर म्हणाले.

"हो."

"मी त्यांना भेटायला गेलो होतो दवाखान्यात, पाय मोडला तेव्हा. ते म्हणाले, मास्तर, तुमची काय चूक न्हाई, शेवाळ हुतं. मला वाटलं माझी दया येऊन खोटं बोलतायत." सरांनी पेपर घडी करून ठेवला. मग त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं. "हे माझ्या घरात सांगून काय उपयोग? ज्यांच्यासमोर झालं त्यांच्यासमोर सांगाल?"

मी हो म्हणाले.

आज रविवार. सकाळी मी बोट न घेता घाटावर गेले. पिंपळाखाली नेहमीची रांग होती. तुमच्या दगडावर कुणी बसलं नव्हतं. मी शंकरला म्हटलं, सगळ्यांना जरा बोलाव. पंधरा-वीस माणसं जमली. मी सांगितलं. एक वाक्यही सजवलं नाही. हॉर्न माझा, बोल माझे, गप्प राहिले ती मी. माने सरांना ग्रुपवर जे बोललं गेलं ते मला बोलायला हवं होतं.

कुणी रागावेल, निदान कुणी चकित होईल असं वाटलं होतं. कुणीच झालं नाही. लोक खाली बघत राहिले. शेवटी शंकर पुढं आला.

"ताई, आमास्नी ठाव हुतं."

"काय?"

"हॉर्न आमी बी ऐकला हुता की. समद्यांनीच ऐकला हुता. आप्पा म्हणलं, कुणी काय बोलायचं न्हाई. ती सांगंल. तिला येळ द्या."

 मी तुमच्या दगडावर बसले. म्हणजे ही सगळी माणसं दोन वर्षं माझ्याशी हसत-बोलत होती, माझ्या बोटींना हात लावत होती, आणि माझ्यासाठी थांबली होती. तुम्ही माझ्या आरशात दिसाल असे दोन वर्षं उभे होतात. माझ्यासाठी तुमच्याएवढं कुणी थांबलं नाही, आप्पा. आईसुद्धा नाही. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आणि तरीही. तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे, मी हे बोलल्याशिवाय राहणार नाही. इथं तुम्ही चुकलात. तुम्ही मला वेळ दिलात, पण तो वेळ तुमचा एकट्याचा नव्हता. तो माने सरांचा होता. मी लाजत बसले होते तेवढे दिवस तो माणूस भाजीला लांबून फिरून जात होता. तुम्ही सगळ्यांना गप्प बसवलंत तेव्हा त्यांनाही रांगेत उभं केलंत, आणि त्यांना सांगितलंही नाहीत की पुढं कोण अडलंय. पुराच्या वेळी तुम्ही घड्याळ बघत होतात. या वेळी का नाही बघितलंत?

तुम्ही असता तर काय म्हणाला असता, ते मला सुचत नाही. सुचलं असतं तर बरं वाटलं असतं. उत्तराची वाट न बघता मी माझ्यापुरतं ठरवलंय.

मी दर रविवारी येणार. तुमच्या लोखंडी बोटीची वैरणीची खेप आक्कांसाठी शंकर आणि मी आळीपाळीनं करणार. तसं आजच बोललोय आम्ही. उतारावर जो अडेल त्याच्यासाठी मी थांबेन, आणि त्याच्या मागं हॉर्न वाजला तर वाजवणाऱ्याच्या खिडकीशी जाऊन सांगेन की बंद करा. हळू आवाजात सांगेन, तेवढं मी तुमच्याकडून घेतलंय. पण आपल्या थांबण्यानं तिसऱ्या कुणाचं नुकसान होत असेल तर मी थांबणार नाही. पुन्हा ते नारिंगी जॅकेट आलं तर मी त्याला बाजूला करीन, भांडणाला दहा मिनिटं लागली तरी. यावर तुम्ही हसाल. हसा. मी माझं म्हणणं सोडत नाही.

उठताना शंकरनं विचारलं, "ग्रुपवर बी लिवनार का?" तिथंच उभी राहून लिहिलं. माने सरांना ग्रुपमध्ये परत घेतलं. मजकुराखाली या वेळी कुणी अंगठा टाकला नाही. एकेक करून लोक नुसतं 'सर, या' असं लिहायला लागले. ज्यानं दोन वर्षांपूर्वी तो मजकूर टाकला होता त्यानं सगळ्यात शेवटी लिहिलं, आणि वर 'चुकलो' असंही लिहिलं.

घरी न जाता कारखान्यात आले आणि हे लिहायला बसले. एवढं लिहून झालं आणि आत्ता, पाच मिनिटांपूर्वी, सरांचा फोन आला. आधी बराच वेळ ट्रेलरबद्दल बोलत होते. टायर बसलेत, बेअरिंगला ग्रीस लागेल, आमच्याकडं होईल का. मी म्हटलं, उद्या माणूस पाठवते. मग शाळेतल्या मुलानं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "विद्याताई, रविवारी उतारावर गर्दी कमी कधी असते? मला सराव राहिला नाही. लोक खोळंबतील."

"नऊ वाजता सगळ्यात जास्त गर्दी असते, सर," मी म्हणाले. "नऊलाच या."